अडीचच्या खाली नाही

मुलगी: ...ते काही नाही, बाबा. ज्यानं हा सिलेंडर बोअर केलाय, त्याला एकदा माझ्यासमोर आणून उभं करा.

बाबा: अगं, पण तू इंजिन उघडलंसच कशाला? माझा दुपारी जरा डोळा लागला, तेवढ्यात तू...

मुलगी: पिस्टन जाम झाला म्हणून उघडलं. रविवारी या मोटरसायकलची किल्ली माझ्या हातात देणार असं तुम्हीच म्हणालात ना? जाम इंजिनाची किल्ली काय गळ्यात घालू?

आई: रविवारी मागच्या सीटवर मी बसणार आहे. आधीच सांगून ठेवते.

बाबा: मागे मी बसणार. गाडी माझी आहे.

आई: म्हणून तर आयुष्यभर पुढे बसलात. मी मागे बसून तुमची पाठ बघितली. आता लेकीची बघेन.

मुलगी: कुणीही कुठंही बसणार नाहीये. आई, तू दोन मिनिटं त्या खुर्चीवर बस आणि हे ऐक. सिलेंडरच्या आत ही बिडाची नळी आहे ना, पिस्टन जिच्यात वरखाली होतो, तो लायनर. झिजला की आतून थोडा कापून मोठा करायचा आणि मोठा पिस्टन टाकायचा. तेच बोअर करणं.

आई: एवढं कळतं मला. बोअर करणाऱ्याशी लग्न केलंय.

मुलगी: मग हेही कळेल. दर वेळी कापलं की लायनरची भिंत पातळ होते. फार पातळ झाली की तापल्यावर वाकते, तडकते, आणि भर रस्त्यात इंजिन फुटतं. म्हणून बाबांनी दुकानात नियम केला. तो काय भिंतीवर रंगवून ठेवलाय.

आई: "अडीच मिलिमीटरच्या खाली नाही. आग्रह करू नये." अक्षर माझं आहे ते.

मुलगी: आता ऐक. खालच्या टोकाला मी चार ठिकाणी मोजलं. एका बाजूला भिंत तीन पूर्णांक चार. समोरच्या बाजूला दोन पूर्णांक सहा. एकाच नळीत. गोल भोक मधोमध पाडायचं सोडून त्या महाभागानं एका कडेला पाडलंय.

बाबा: तेव्हा मशीनं जुनी होती गं.

मुलगी: मशीन तुमचंही जुनंच होतं. तुमच्या हातून केसाएवढं तरी इकडचं तिकडं झालं का कधी? आणि हे म्हणे बाहेरून करून आणलं. कुणाकडून ते सांगत नाही. इतका मान का राखताय त्याचा? डोळे मिटून काम केलंय बेट्यानं.

आई: आणखी काय काय म्हणशील त्याला?

मुलगी: आंधळा म्हणेन, आळशी म्हणेन. सेंटर बघायला डायल फिरवायचा कंटाळा केला असणार. गाढव आहे, दुसरं काय.

आई: बोल, बोल. मला फार बरं वाटतंय.

बाबा: तू हसू नकोस गं. म्हणजे आता... पुढच्या मापाचा पिस्टन नाही का बसणार? अर्ध्या मिलिमीटरनं तर मोठा आहे तो.

मुलगी: अर्धा म्हणजे दोन्ही बाजूंना मिळून अर्धा. प्रत्येक बाजूचं पाव मिलिमीटर जाणार. दोन सहातून पाव गेलं, उरलं दोन पस्तीस. गिऱ्हाइकाची गाडी असती तर तुम्ही काय केलं असतं?

बाबा: परत पाठवली असती.

मुलगी: मग?

बाबा: मग नवीन लायनर टाकू.

मुलगी: हा सिलेंडरातच ओतलेला आहे, बाबा. उपसायला गेले तर बाहेरचा सिलेंडर टिकेल असं वाटत नाही. आणि दुसरा सिलेंडर जगात कुठं शिल्लक असलाच तर तो बहुतेक काचेच्या कपाटात असेल. माझी मलाच चीड येतेय. मी सात वर्षांची असल्यापासून या गाडीवर डोळा ठेवून आहे. आणि आता ती पुसून, पॉलिश करून दारात उभी करायची, कुंडीसारखी.

आई: अहो.

बाबा: काय?

आई: काही नाही. नुसतं अहो म्हटलं.

मुलगी: एक रस्ता आहे, पण त्यावर चालता येत नाही. सेंटर थोडं जाड बाजूकडे सरकवून बोअर करायचं. पातळ बाजूचं नुसतं नखाएवढं, पाच शतांश जाईल, बाकी सगळं जाड बाजूचं कापायचं. ओरखडेही सगळे जाड बाजूलाच आहेत. पातळ भिंत दोन पंचावन्न राहील. नियमात बसतं.

बाबा: मग अडलं कुठं?

मुलगी: मी मोजलं ते खालचं टोक. वरची भिंत सिलेंडरच्या आत बुजलेली आहे, तिथं माझं माप पोहोचत नाही. त्या माणसाचं नुसतं सेंटर चुकलं असेल, तर वरपासून खालपर्यंत फरक सारखाच असेल आणि माझा हिशोब बरोबर. पण त्यानं सिलेंडर मशीनवर कललेला बसवला असेल, तर वर भिंत दोन मिलिमीटरसुद्धा असू शकते. बुडावरून कळलं असतं, पण ते नंतर घासून सपाट केलंय. म्हणजे खरं काय ते त्या गाढवालाच ठाऊक.

आई: अहो.

बाबा: ऐकतोय मी.

मुलगी: जिवंत तरी आहे का तो? पत्ता द्या, मी जाते. पाया पडून विचारेन. वाटल्यास गाढव म्हणणार नाही.

बाबा: कललेला नव्हता.

मुलगी: हे तुम्हाला कसं माहीत?

बाबा: बूड दोनदा पुसलं होतं. खाली कण नव्हता. चारही बोल्ट समोरासमोरच्या जोडीनं सारखे आवळले होते. फक्त डायल... डायल फिरवायची राहिली.

मुलगी: तुम्ही होतात तिथं?

बाबा: मीच होतो. दुसरं कुणी नव्हतं. बाहेरून वगैरे काही आणलं नव्हतं. या मशीनवर, या हातांनी केलंय.

मुलगी: बाबा, काहीतरीच काय.

आई: खरं आहे ते. आणि मी चाळीस वर्षं मूग गिळून बसलेय, त्याचं कौतुक कुणाला आहे?

बाबा: सकाळचे दहा वाजले होते. सिलेंडर मशीनवर बसवला, आवळला, डायल हातात घेतली आणि तेवढ्यात शेजारची सुईणबाई दारात. म्हणाली, मुलगी झाली. दोघी खुशाल आहेत.

मुलगी: आणि?

बाबा: आणि काय. मला वाटलं, डायल फिरवून झालीय. मशीन सुरू केलं. हसत होतो एकटाच. कापून झालं तसं बंद केलं आणि पळालो. हातसुद्धा धुतले नाहीत.

आई: त्याच काळ्या हातांनी तुला घेतलं. दुपट्यावर पाचही बोटं उमटली होती. धुऊन गेली नाहीत ती कधी.

बाबा: दोन दिवसांनी मोजलं तेव्हा कळलं. लोक लांबून लांबून माझ्याकडे सिलेंडर आणायचे, आणि माझ्याच गाडीचं हे असं. कुणाला दाखवणार? पिस्टन टाकला, इंजिन आवळून टाकलं आणि गाडी तशीच चालवली. पुन्हा कुणाला हात लावू दिला नाही. तुलासुद्धा नाही.

मुलगी: म्हणून मी पाना घेऊन जवळ गेले की तुम्ही ओरडायचात?

बाबा: तू शिकत होतीस माझ्याकडून. मला वाटलं, हे बघितलंस तर पुढचं काय शिकशील?

मुलगी: बाबा.

बाबा: आता बोल. आंधळा, आळशी, आणखी काय ते. ऐकून घेतो.

मुलगी: हसू की रडू कळत नाही. म्हणजे माझ्यामुळे...

बाबा: तुझ्यामुळे कसलं? चूक माझीच. तेवढी एक चूक अशी आहे की तिची मला लाज वाटते आणि आठवली की बरंही वाटतं.

आई: चाळीस वर्षांत पहिल्यांदा धड बोलले.

मुलगी: बूड दोनदा पुसलं होतं हे नक्की ना?

बाबा: तुझ्या आईची शपथ.

आई: माझी कशाला? स्वतःची घ्या.

मुलगी: मग रविवारी गाडी रस्त्यावर. अर्धी फेरी आई, अर्धी फेरी तुम्ही. बाजूला व्हा जरा, सिलेंडर बसवू दे.

(ती सिलेंडर मशीनवर आवळते. डायल हळूहळू फिरवते, थांबते, पुन्हा फिरवते.)

मुलगी: लागलं. जाड बाजूकडे बरोबर वीस शतांश. बाबा, एकदा बघून घ्या.

बाबा: तू बघितलंस ना?

मुलगी: दोनदा.

बाबा: मग झालं.

आई: ऐकलंस का? मी लावलेलं कुलूप हा माणूस रोज ओढून बघतो.

मुलगी: खरंच नाही बघत? चुकलं तर दुसरा सिलेंडर नाही, बाबा.

बाबा: सुरू कर तू. आज मला कुठं पळायचं नाहीये.