शॅम्पू म्हणजे चेप

(पाचूबंदरचं घर. मोरीच्या दाराशी खुर्चीवर क्लेमेंटीन, उजवा हात प्लास्टरमध्ये. मागे तिची सून, मुलगा डेरिकची बायको फेलिशिया. माणिकपूरच्या पार्लरमध्ये कामाला आहे.)

क्लेमेंटीन: इचार कसला करते? मानेपर्यंत काप. कात्री तर तुझी रोजची.

फेलिशिया: नुसता गुंता झालाय, मम्मी. धुतले की सुटेल. एवढे लांब केस कापायला माझा हात धजत नाही.

क्लेमेंटीन: एका हातानं कशी धुवू? रविवारी चर्चात मिस्साला अशीच जाऊ?

फेलिशिया: मी धुते ना. शॅम्पू आणलाय.

क्लेमेंटीन: नको. ती सायबाची बाटली. आनि मी काय तुझं गिऱ्हाईक हाय?

फेलिशिया: बाटली असेल साहेबाची. शब्द इकडचाच आहे.

क्लेमेंटीन: कुठला शब्द?

फेलिशिया: शॅम्पू. कोर्सला आमच्या मॅडमनी सांगितलेलं. हिंदीत चांपना म्हणजे दाबणं. चांपो म्हणजे चेप. इंग्रजांनी इथे अंग चेपून घेतलं, बरं वाटलं, तर शब्दपण सोबत घेऊन गेले. तिकडे त्याचं शॅम्पू झालं.

क्लेमेंटीन: मंग फेस?

फेलिशिया: फेस मागनं आला. आधी नुसते हात.

क्लेमेंटीन: मायकल चेपायचा.

फेलिशिया: पप्पा?

क्लेमेंटीन: मासली विकून आली की कपाळ ठनकायचं. उन्हात डोक्यावर टोपली. मंग तो खोबरेल घेऊन मागं बसायचा. जाल्याची गाठ सोडवावी तसा एकेक केस सोडवायचा.

फेलिशिया: डेरिक कधी बोलला नाही.

क्लेमेंटीन: पोरांना काय ठावं? तो गेला, तवापासून या डोक्याला कोनाचा हात लागला नाय. म्हनून म्हटलं, कापूनच टाक.

फेलिशिया: पप्पांसारखं मला नाही जमणार.

क्लेमेंटीन: नाय जमनार.

फेलिशिया: प्लास्टरला पिशवी बांधते. मान मागे टाका. पाणी कोमट आहे, बघा.

क्लेमेंटीन: बरं हाय. जरा जोरानं चेप. कानामागं... हां, तिथंच.

फेलिशिया: इथे मोठी गाठ आहे. फणी नको, बोटांनीच सोडवते. दुखलं तर सांगा.

क्लेमेंटीन: दुखत नाय. फेलिशिया, पुढचं दार लोटून घे. शेजारीन आली तर म्हनेल, म्हातारी रडते.

फेलिशिया: डोळ्यांत शॅम्पू गेला म्हणून सांगेन.

क्लेमेंटीन: हां. तसंच सांग.