मामाच्या माळवदातली बंदूक

...न्हाय, हात लावायचा न्हाय. लांबनं बघा. उंबऱ्याच्या अलीकडं बसा आन काय इचारायचं ते तोंडानं इचारा. सकाळधरनं तुमी सातवे हाय, पार लोणी भापकरापासनं लोक यायला लागल्यात, जत्रा भरलीया का हितं? आन परतेक जण पयला सवाल त्योच टाकतो, "जोतीआबा, किती किमतीची हाय?" आरं, म्हातारा जित्ता हाय का ते तरी इचारा आधी. तुमाला सांगतो, मी नुसतं माळवद उकरत हुतो.

हे घर माझ्या मामाचं. मामाला पोटी लेकरू न्हाय, तवा माझ्या वाट्याला आलं. आन माळवद म्हंजी वर दोन हात पांढरी माती, एकदा गळायला लागलं की घरातली भांडी पुरत न्हाईत. आमची साखरबाई, म्हंजी मालकीन, चार वरसं मागं लागलेली, "सगळ्या निरवांगीत पत्रं आलं, आमीच तेवढं घमेली मांडून बसायचं का?" म्हणून पाऊस सरल्यावर, नवरात्रात, चढलो वर. कुदळ मारली, तर आतनं खण्ण. मला वाटलं हंडा. खोटं कशाला बोलू, तुमालाबी हंडाच वाटला असता. दोन मिनटं मी लई श्रीमंत हुतो. मग माती सारली, तर घोंगडीत गुंडाळलेली ही बया... दोन नळ्यांची बंदूक.

घोंगडी तशीच झाकली आन वरच बसलो, उन्हात. मनात एकच, परवाना कुठाय? मामानं परवाना काढला असता तर बंदूक खुटीला टांगली असती, मातीत कशाला पुरली असती? आन पुरली तर का पुरली? कुणावर झाडली का काय? मामा तसा गरीब माणूस, कोंबडीबी दुसऱ्याकडनं कापून घ्यायचा, पर माणसाचं काय सांगावं... डोळ्यांम्होरं दिसायला लागलं, मला दोरी लावून इंदापुरापातूर चालवत न्हेत्यात, आन वाटंत दोन्ही अंगाला सगळं सोयरंधायरं उभं. मी जन्मात सरकारच्या दारात गेलो तर शेतसारा भरायला, आन आता म्हातारपणी हे? मी आपला माळवद उकरत हुतो, माझी काय चूक?

तर दिली खुपसून कडब्याच्या गंजीत. कुणाला बोललो न्हाय. तीन दिस जेवान ग्वाड लागंना. आन उजाडली खंडेनवमी.

आता खंडेनवमीला घरातलं समदं लोखंड धुवायचं, घासायचं, पुजायचं. विळं, खुरपी, कुऱ्हाड, नांगराचा फाळ, काय सोडायचं न्हाय. मी गेलो मळ्यात, मोटंची चाकं धुवाया. तेवढ्यात साखरबाईनं गाईला कडबा उपसला, आन पेंडीसंगं ही बाहीर. दुसरी बाई असती तर किंचाळली असती. ही काय म्हणली असंल? "अगंबया, हे तर राहिलंच की." बसली घिऊन न्हाणीपाशी. चिच लावली, राख लावली, तेवढ्यानं भागंना म्हणून इटकरीची पूड लावली, आन दोन तास घासली. मी परत येतोय तर दारात, कुऱ्हाडीच्या आन खुरप्यांच्या मदी, बंदूक. हळदीकुकू लावलंय, झेंडूची माळ घातलीया, आन म्होरं अर्धं गाव हात जोडून.

मी म्हणलं, "अगं, हे काय केलंस?"

"हत्यार हाय न्हवं? मग पुजाया नगं? वरीसभर रुसून बसलं म्हंजी?"

आन गर्दीत कोण? पोलीस पाटील. त्येनंबी हळद वाहिली, मग माझ्याकडं वळून लई मायेनं म्हणला, "आबा, मला हे तालुक्याला कळवाया लागंल बरं का. सण होऊ द्या, चार दिस थांबतो."

चार दिस. तेवढ्यात आला झुंबर. झुंबर म्हंजी आमच्या शेजारचा, लढाईत जाऊन आलेला, तवा बंदुकीतलं सगळं ह्येलाच कळतं. एक डोळा मिटून नळीत बघितलं, हाताव तोललं, आन मान हलवली, "आबा, विलायती हाय. सायबाच्या टायमाची. हजाराच्या खाली देऊ नगा. आन किंमत काढल्याबिगर सरकारात जमा करू नगा, न्हाय तर खातील मदल्यामदी." हजार म्हणल्याव माझ्या डोळ्यांम्होरं पत्रं चमाकलं. मागनं कळलं, झुंबर पलटणीत सैपाकी हुता. बंदुकीच्या तेलाच्या वासानं ह्येला मळमळायचं म्हणं.

तर निघालो बारामतीला. तितं अमजद मिस्त्री हाय, कुलपं, शिलाईमशिनी दुरुस्त करतो, पर त्येचा बाप जुन्या संस्थानातल्या बंदुका करायचा, तवा पोराला पारख हाय. बंदूक गोणपाटात गुंडाळली, वरनं शेवग्याच्या शेंगांची जुडी बांधली, आन यष्टीत बसलो. कंडक्टर म्हणतो, "आबा, काय हाय?" म्हणलं, शेवगा. "एवढा जड?" म्हणलं, वला हाय. शेजारची बाई वाकून बघतीया, "काय भाव द्याचा?" बघा म्हंजी, तितंबी भावच. पिंपळी यीस्तवर ती हटून बसली, चार आण्याला चार शेंगा काढून द्या म्हणून. आता हिला शेंग काढून द्यायला जुडी सोडू कशी? घामानं पैरण अंगाला चिकाटली. तुमाला सांगतो, मी नुसतं माळवद उकरत हुतो.

अमजदनं दुकानाची फळी लावली, भिंग काढलं, आन अर्धा तास बघत बसला. एका नळीत कुंभारमाशीनं घर केलेलं, ते काडीनं काढलं. दस्त्याला वाळवी. दोन घोड्यांपैकी एकच शिल्लक. "ठासणीची हाय आबा," म्हणला, "तोंडाकडनं दारू भरायची. साठसत्तर वरसं तर सहज. माल अस्सल." मग अंगठा एका जागी फिरवत थांबला. "हितं कारागिराचं नाव असतंय. सोन्याच्या तारंनं लिवलेलं. नाव शाबूत असतं तर पुण्याचा यापारी डोळं झाकून तीनशे देतो."

"आन नसलं तर?"

"नसलं तर..." त्येनं ताजव्याकडं बघितलं. "लोखंडाच्या भावानं दीड रुपाया. लाकूड चुलीत घाला. आबा, हे घासलं कुणी?"

काय सांगू? म्हणलं, मामानं.

घरी आलो. साखरबाई दारातच. "काय म्हणला मिस्त्री?" मी म्हणलं, "तीनशेची हाय म्हणला." पुढचं बोलायला तोंड उघडलं, पर ती एवढी फुलली... म्हणती, "बघा, मी घासली नसती तर कुणी इचारलं असतं का त्या गंजलेल्या दांडक्याला? पिवळंपिवळं काय काय निघालं बाई त्येच्यातनं." आता मला समदं गाव तोंडाळ म्हणतंय, आन हाय मी तोंडाळ, व्याह्याला जेवताना ताटावरनं उठवलाय मी. पर चाळीस वरसं जी बाई माझी भाकरी करतीया, तिला कसं सांगायचं की तू तुझ्या हातानं, चिच लावून, घरावरलं पत्रं घासून टाकलंस? जमंना. उद्या सांगू म्हणलं.

उद्या उजाडायच्या आत फौजदार दारात. सायकलीवरनं आलेलं, दोन शिपाई, पंचनामा. गाव गोळा झालं. मी बंदूक बाहीर आणून म्होरं ठेवली. पर सायेब भला माणूस, नळीत बघितलं, घोडा वढून बघितला, हसला. "आबा, ह्येच्यातनं गोळी सुटायची न्हाय, घाबरू नका. हिला हत्यार म्हणायचं का भंगार ते वरनं हुकूम आल्याव ठरंल. तवर लिवून घेतो. किंमत काय लावायची?"

तुमाला सांगतो, अंगावरनं डोंगर उतरला. सुटलो. म्हणलं, "सायेब, दीड रुपाया."

शिपाई लिवणार, तेवढ्यात आतनं, दाराआडनं आवाज, "दीड रुपाया? काय बोलताय ह्ये? बारामतीच्या मिस्त्रीनं तीनशे सांगितल्यात. सायेब, ह्येंला भ्या वाटतंय म्हणून खोटं बोलत्यात. आमी काय भिकारी हाय व्हय?"

सायबानं माझ्याकडं बघितलं. पंचांनी बघितलं. झुंबर म्हणला, "तीनशे कमीच हाय." मी दाराकडं बघितलं, तर पदर धरून उभी, नाक वर करून, सगळ्या गावाम्होरं. आता बोलायचं हुतं मला. दोन शब्द. "नाव घासलंस." बास.

म्हणलं, "तीनशे लिवा, सायेब."

लिवलं. आन खाली माझा अंगठा. काय लिवलंय ठावं हाय? वरचा हुकूम यीस्तवर सदर बंदूक जोतीरामाच्या ताब्यात, तिला धक्का लागला, मोडली, चोरीला गेली, तर जोतीरामानं सरकारात तीनशे रुपय भरायचं. इकायला गेलो तर दीड रुपाया, हरवली तर तीनशे. हुकूम कवा येणार? सायेब म्हणला, यील. माळवद अर्धं उकरलेलं, पत्रं न्हाईत, वरनं सगळं उघडं, कुणीबी भिंतीवरनं उडी मारून आत यील. तरी मी काय म्हणतो, मी नुसतं माळवद उकरत हुतो न्हवं?

आन ती आत हाय, जरा हळू बोला. अजून सांगितलं न्हाय तिला. येणाऱ्याजाणाऱ्याला कौतुकानं दावती, "आमच्या ह्येंची तीनशेची बंदूक." मळा पडलाय वसाड, लेकीकडं जायचं हुतं ते ऱ्हायलं, मी आपला हितं दिसभर उंबऱ्यात, बंदुकीची राखण करत बसलोय... हातात काठी घिऊन.