शिक्का पंपघरात

हत्यारांची पिशवी या हातातून त्या हातात घेत गवंडी रांगेत चुळबुळत होता. पुढची बाई खिडकीतल्या कारकुनाशी हुज्जत घालत होती.

“पंपघराची किल्ली द्या. नऊ दिवस गावाला पाणी नाही.”

“दुरुस्तीचे अधिकार आता तुमच्याकडेच आलेत की!”

“अधिकार आले हो, पण कुलूप तुमच्या साहेबांनी लावलंय.”

“मग अर्जावर गावच्या अधिकाऱ्याची सही आणा.”

“मीच ती अधिकारी. ही घ्या सही.”

“आणि शिक्का?”

“पंपघरात.”

“तिथे कोण ठेवतं शिक्का?”

“कार्यालय कुठे दिलंत मला? तिथेच टेबल टाकून बसते.”

“मग शिक्का घेऊन या बाई, लगेच किल्ली देतो.”

गवंडी रांगेतून बाहेर आला.

“ताई, पंपघर किती लांब आहे? माझ्याकडे हातोडा आहे.”