आत्याचा मान

(लाखनी. विक्कीच्या पोरीचं बारसं. बाहेर पाळण्याभोवती बाया जमल्या आहेत. आतल्या खोलीत विक्कीची बहीण डिंपल, तिची आई आनंदाबाई आणि तिची आत्या कुंताबाई.)

डिंपल : लाइट बंद कर, आई. आन् हळू बोल.

आनंदाबाई : हळूच बोलून राहिली, बाप्पा. आजच व्हायचं होतं का तुले? बाहेर बाया आत्या कुठं, आत्या कुठं करून राहिल्या. काय सांगू त्याईले?

डिंपल : सांग, डोकं दुखते तिचं. येते म्हणा जराशानं.

आनंदाबाई : आन् पाळण्यापाशी मघासारखी बोलली तर? हात सुपाएवढे झाले म्हणे. सुनेचं माहेर बसलं आहे तिथं.

डिंपल : झालेच होते. आतापण आहेत. तू मले बाहुलीएवढी दिसून राहिली, पार तिकडं.

आनंदाबाई : ऐकलं का, बाई? मी पार्वताबाईलेच बसवते आत्याच्या जागी. शेजारचीच आहे. हिच्या बारशालेही तिनंच नाव ठेवलं होतं.

डिंपल : माह्या बारशाले? काहून? आत्या तर घरीच होती ना.

आनंदाबाई : होती. राहू दे आता ते.

कुंताबाई : राहू कायले द्यायचं? मी बसली होती पाळण्यापाशी. पायता पायता तू उंदराच्या पिलाएवढी झाली आन् पाळणा भिंतीच्या पलीकडं गेला. मी म्हटलं, पोरगी कुठं चालली वं? झालं. कोणी म्हणे येडी, कोणी म्हणे बाहेरचं लागलं. मंग कोणाचंच लेकरू माह्या हातात आलं नाई.

डिंपल : आन् मंग डोकं दुखलं, एका बाजूनं? ओकाऱ्या झाल्या?

कुंताबाई : हो. तुले कोणं सांगितलं?

डिंपल : कोण सांगते? मलेच होते ना. मायग्रेन आहे ते, आत्या. भंडाऱ्याच्या डॉक्टरनं सांगितलं. कोणाकोणाले त्यात आपलंच आंग लहान-मोठं वाटते, वस्तू दूर जाते. डोळे चांगले, अक्कल चांगली. घरात आणखी कोणाले आहे का म्हणून विचारत होता. मी नाई म्हणून आली.

कुंताबाई : आहे म्हणून सांगजो. म्हणजे दवाखान्यात याले नाव आहे?

डिंपल : आहे. औषधही आहे.

कुंताबाई : आन् मी तोंड दाबून राहिली. भिंत सरकली का डोळे मिटून चुलीपुढं बसायची. मलेही वाटे, खरंच येडी आहो मी. लय राग येऊन राहिला आता.

आनंदाबाई : मी भेली होती, बाई. लेकराची माय होती.

कुंताबाई : तू भेली, मीही भेली. आज नाई भेत मी. ऊठ, डिंपल.

डिंपल : जमीन खाली-वर होऊन राहिली.

कुंताबाई : होऊ दे. माहा हात धर. पाय टाकशील तिथं जमीन राहतेच, जन्मभर चालली मी तिच्यावर.

आनंदाबाई : पाळण्यापाशी काही झालं तर?

कुंताबाई : लेकरू पाळण्यातच राहीन. हिनं कानात तेवढं बोलायचं. पार्वताबाईले म्हणा, आरामात बस, लाडू खाय.

डिंपल : आत्या, तू काय नाव ठेवणार होती माहं?

कुंताबाई : आता कायले?

डिंपल : सांग ना. विक्कीनं नाव माह्यावरच सोडलं आहे.

कुंताबाई : तेजस्विनी. शाळेत मास्तरीणबाई होत्या आमच्या. ताठ चालायच्या.

डिंपल : चाल. आई, दार उघड.

आनंदाबाई : सरका वो, बायाहो. आत्या आली. दोन्ही आत्या आल्या.

डिंपल : पाळणा लय दूर गेला, आत्या.

कुंताबाई : माह्याजवळ आहे. वाक. आणखी वाक. कान इथं आहे तिचा, माह्या बोटापाशी.

डिंपल : कुर्रर्र... तेजस्विनी.

आनंदाबाई : ऐकलं का सगळ्याईनं? तेजस्विनी. मारा आता आत्याच्या पाठीवर.

डिंपल : माह्या नाई, डोकं फुटंन माहं. मोठ्या आत्याच्या पाठीवर मारा. नाव तिचं आहे.

कुंताबाई : हळू काहून मारून राहिल्या वो? जोरानं मारा.