सात मोरांचं कार्ड

कार्डावर ठप्पा मारायच्या आधी मी हल्ली चार जणांना विचारते. का ते ऐक.

ताईच्या साखरपुड्यासाठी मी चिंध्या, जरीचे तुकडे, चकचकीत कागद चिकटवून मोठं कार्ड केलं. मधोमध भाऊजींचा फोटो. शेजारच्या लूमवाल्या सलीमचाचांकडे मोराचा जुना लाकडी ठप्पा दिसला. "ले जा बेटा, अब किस काम का!" म्हणाले. मी जांभळ्या शाईने फोटोभोवती सात मोर उठवले. झकास!

साखरपुड्यात कार्ड सगळीकडे फिरलं आणि भाऊजींच्या काकांपाशी थांबलं. त्यांचा जन्म कापडाच्या धंद्यात गेलेला. चष्मा वर सरकवून म्हणाले, "अरे, हा सलीमचा मोर! हा तो सेकंड मालावर मारायचा. डाग पडलेला, धागा तुटलेला तागा. एकदा घेतला की परत नाही."

भाऊजींची आई माझ्याकडे बघतेय, माझी आई जमिनीकडे. मी मेलेच!

ताईने कार्ड हातात घेतलं, फोटो नीट न्याहाळला आणि म्हणाली, "चालेल काका. मी डाग बघूनच घेतलाय."

सगळ्यात मोठ्याने कोण हसलं असेल? सेकंड माल!