शिष्टरबाईच्या गाडीचा ब्रेक

…आणि वरून म्हणतो काय, “शिले, गाडीचा ब्रेक चांगला हाय, तुझा पाय कच्चा हाय!” आता ह्याला काय म्हणावं, तुमीच सांगा! बाई बिचारी सेनगावच्या बाजारातून जीव मुठीत धरून घरी आलेली. समोर बकऱ्यांचा कळप होता, हिनं ब्रेक दाबला, तर पायाखाली नुसतं गुर्र्र्र… पायडल थरथर करून राहिलं, आणि गाडी आपली चाललीच पुढं, थांबायचं नावच न्हाई! शेवटची बकरी उडी मारून बाजूला झाली म्हणून वाचली, बकरीवाला मागून शिव्या घालून राहिला. घरी येऊन नवऱ्याला सांगितलं, तर नवरा खुर्चीत बसून भुईमुगाच्या शेंगा फोडत म्हणतो, पाय कच्चा!

थांबा, थांबा. कोण शिला, कोण नवरा, ते आधी सांगते, न्हाई तर तुमी म्हणाल ही बाई मधूनच सुरू झाली. शिला म्हणजे आमची शेजारीण, हिंगोलीतच, भिंतीला भिंत. सरकारी दवाखान्यात नर्स. रोज नरसीवरून सेनगावकडच्या खेड्यांत जायचं, लेकरांना लसी टोचायच्या, बाळंतिणी बघायच्या. खेड्यातली माणसं तिला शिष्टरबाई म्हणतात. आणि नवरा म्हणजे भीमराज, एस्टीतला ड्रायव्हर, नुकताच रिटायर झालेला. सगळी नोकरी लाल गाडीवर काढली आणि कुठं एक ओरखडासुद्धा न्हाई, हे तो तुम्हाला पहिल्या भेटीतच सांगेल, चहा यायच्या आधी. माणूस अंगानं दांडगा, दारातून आडवा होऊन आत येतो असा.

आता शिलानं ही मोठी गाडी काहून घेतली? लोक म्हणाले, मिरवायला. अहो कसलं मिरवायला! आयुष्यभर जीपमध्ये चौघींच्या दाटीत, मांडीवर लसीचा डबा धरून गेली. घरी नवरा, लेकरं, सासू. दवाखान्यात पेशंट. एकटी अशी बसली कधी बाई? पन्नाशीला आली तेव्हा ड्रायव्हिंग शिकली, आणि गाडी घेतली ती अशी उंच, चिखलात न फसणारी. मला म्हणाली, “ताई, हिंगोली ते सेनगाव, तेवढाच वेळ माझा. कोणी हाक मारत न्हाई, कोणी पाणी मागत न्हाई.” एवढंच तिचं सुख! आणि त्याच सुखात नेमका ब्रेक दगा देऊन राहिला.

बरं, रोज दिला असता तर गोष्ट वेगळी. रोज न्हाई! आज लागला, उद्या लागला, परवा म्हणलं झालं वाटतं नीट, की नेमकं गुर्र्र्र… तेही जोरात असताना न्हाई हं, हळूहळू थांबायला गेलं की. आणि कधी? ती एकटी असली की! कोणी संगं बसलं का गाडी एकदम शहाणी!

भीमराज म्हणाला, “चल, दाखव.” ऐटीत डावीकडं बसला. शिलानं नरसीपर्यंत नेली, गतिरोधक आला दाबला, म्हैस आली दाबला, काही नसताना दाबला. गाडी अशी थांबली जशी पाहुण्यांसमोर शाळेतली हुशार पोरगी. भीमराज नुसता मिशीत हसला. मग म्हणाला, “सरक, मी घेतो.” तो स्टेअरिंगवर, ही डावीकडं. तरी गाडी शहाणी! शिला म्हणाली, “अहो, तुमी एकटे चालवून बघा ना.” तर म्हणतो काय, “मी आजपावतो कंडक्टर बसल्याबिगर गाडी काढली न्हाई!” आता बोला! घरच्या गाडीला कंडक्टर लागतो ह्या माणसाला!

मग काढली गाडी नांदेडला, शोरूमला. शोरूमचं नाव मी घेत न्हाई, उगाच कशाला. कळमनुरीला चहा पिऊन पोचले. तिथं अय्याज नावाचा एक तरणा साहेब, टाय लावलेला, बोलायला लई गोड. “मॅडम, तकलीफ काय आहे?” शिलानं सगळं सांगितलं, बकरीसकट. त्यानं गाडीला कॉम्प्युटर जोडला. कॉम्प्युटर म्हणाला सगळं चांगलं. मग म्हणाला, “चला मॅडम, टेस्ट घेऊ, कस्टमरला संगं घेऊनच जावं लागतं, रूल है.” झालं! तो गाडी चालवून राहिला, शिला डावीकडं बसून देवाला म्हणून राहिली, एकदा बिघड रे, एकदा तरी बिघड! आपल्या नव्याकोऱ्या गाडीचा ब्रेक बिघडावा म्हणून प्रार्थना करायची वेळ कुणावर आली असेल का हो? पण कसला बिघडतो! कोणी संगं बसलं का गाडी एकदम शहाणी! अय्याज परत आला, हात जोडून म्हणाला, “मॅडम, गाडी एकदम मस्त. बस पाय बराबर ठेवत जा.”

हे ऐकलं आणि मागं उभा असलेला भीमराज असा खूश झाला, असा खूश झाला, की त्या अय्याजला त्यानं मिठीच मारायची बाकी ठेवली. “मी म्हणलं न्हाई का? अरे साहेब, मी एस्टीत होतो…” आणि झाली सुरू त्याची सगळी सर्व्हिस, परभणी डेपोपासून.

तुम्हाला सांगते, त्यानंतर शिलाचा स्वतःवरचाच भरवसा उडाला. एक दिवस मी साखर मागायला गेले, तर बाई स्वयंपाकघरात स्टुलावर बसलेली आणि फरशीवर पाय दाबून राहिली. दाबती, उचलती. दाबती, उचलती. म्हणलं, “काय करून राहिली गं?” तर डोळ्यांत पाणी. “ताई, माझाच पाय फसवून राहिला का गं मला? रस्त्यावर लेकरं असतात… शाळा सुटते तेव्हा मी काय करू?” दुसऱ्या दिवसापासून तिनं गाडी अंगणात झाकून ठेवली आणि निघाली परत जीपमध्ये, लसीचा डबा मांडीवर घेऊन. भीमराज म्हणाला, “बरं झालं. बाईचं काम न्हाई ते.”

हे वाक्य त्यानं बोलायला नको होतं. नको होतं! कारण आठवडाभरात गाडीवरचं कव्हर काढून शिला आत बसलेली. म्हणाली, “हळू जाईन, हॉर्न वाजवत जाईन, पण जाईन.”

त्याच दिवशी गोष्ट झाली. येताना तिला रस्त्यात सोजराबाई भेटली. म्हातारी, नातीच्या बाळंतपणाला निघालेली, डोक्यावर टोपली. शिला म्हणाली, “बसा मावशी.” पुढचं दार उघडलं, तर म्हातारी म्हणते, “न्हाई माय, पुढं साहेब लोक बसतात, मी आपली मागं.” बसली मागं, टोपली मांडीवर. नरसीला देवळाच्या बाजूला पेढ्या-बत्ताशांची दुकानं न्हाईत का, तिथं दर्शनाच्या माणसांची गर्दी. शिलानं हळूच ब्रेक दाबला… गुर्र्र्र! गाडी चालली पुढं! बत्ताशांच्या परातीला आणि गाडीला हातभर अंतर राहिलं, दुकानदार मागल्या मागं गल्ल्यावर बसला, बायका ओरडल्या, आणि मग कुठं बाईसाहेब थांबल्या. गाडी म्हणते मी!

शिलाला भीती वाटायच्या ऐवजी आनंद झाला, बघा! मागं वळून म्हणाली, “मावशी! बघितलं ना तुमी? माझा पाय ब्रेकवरच होता, बघितलं ना?” सोजराबाई म्हणाली, “काय की माय. मी तर गाडीत बसल्यापासून डोळेच मिटलेले हायेत.”

आता कपाळ बडवावं का न्हाई? जगात एक साक्षीदार मिळाला, तोही डोळे मिटलेला!

पण शिला नर्स हाय हो. कोणत्या गोळीनं ताप उतरला आणि कोणत्या गोळीनं उतरला न्हाई, हे बघायची सवय. घरी येईपर्यंत तिच्या डोक्यात एकच. आज गाडीत माणूस होतं, तरी बिघडली. म्हणजे माणसाचा संबंध न्हाई. मग आज वेगळं काय होतं? म्हातारी मागं बसली होती. डावीकडची पुढची सीट मोकळी होती! भीमराज बसला ती सीट. ती स्वतः बसली ती सीट. प्रत्येक वेळी कोणीतरी त्याच सीटवर!

लगेच माझ्याकडं आली. “ताई, चला, तुरीचं पोतं उचलायचं हाय.” तिच्या भावाकडून आलेलं पोतं. आमी दोघींनी ते कसं उचललं ते मला आणि माझ्या कमरेला माहीत! ठेवलं पुढच्या सीटवर. गाडी सुरू केली, तर गाडी ओरडायला लागली, टिंग टिंग टिंग! काय झालं? तर म्हणे सीटबेल्ट लावा. पोत्याला! मग पोत्याला सीटबेल्ट लावला. तेवढ्यात भीमराज बाहेर आला. बायको गाडीत, शेजारी बेल्ट लावून पोतं. बघतच राहिला. “आता हे कोण पाहुणे?”

गेलो गावाबाहेरच्या मोकळ्या मैदानावर. पोतं सीटवर ठेवून चालवली, ब्रेक दाबला, गाडी शहाणी. परत दाबला, शहाणी. मग पोतं काढलं, मी बाजूला उभी. पहिल्यांदा थांबली. दुसऱ्यांदा थांबली. तिसऱ्यांदा गुर्र्र्र… गाडी घसरत माझ्या पुढून गेली! शिला आतून ओरडली, “ताई, सापडलं!” घरी येऊन भीमराजला तिथं नेलं, उभं केलं, दाखवलं. डोळ्यांनी बघितलं त्यानं. आणि म्हणतो काय? “तू मुद्दाम सोडला ब्रेक.”

मुद्दाम! ह्या माणसाला सोन्याचा ब्रेक दाखवला असता तरी म्हणाला असता पितळ हाय!

दुसऱ्या दिवशी परत नांदेड. भीमराज संगं आलाच, मजा बघायला, आणि मीही गेले. अय्याज हसत पुढं आला, “बोला मॅडम.” शिला म्हणाली, “आज मी बसणार न्हाई. तुमी एकटे चालवा.”

“मॅडम, रूल है…”

“रूल माझ्यावर ठेवा. बाजूची सीट मोकळी ठेवायची, आणि हळूहळू थांबवायची. पहिल्यांदा न्हाई, दहाव्यांदा बिघडली तरी चालेल, पण उतरायचं न्हाई.”

गेला बिचारा. आवारातच फेऱ्या मारून राहिला. एक फेरी, दोन फेऱ्या, खिडकीतून हात हलवून राहिला, म्हणजे बघा, काही न्हाई! भीमराज हिच्याकडं बघून मान हलवून राहिला. आणि मग अय्याजनं गाडी वळवली, तिकडं गाड्या धुवायची जागा, फेसच फेस. त्यानं ब्रेक दाबलेला आमाला दिसला, मागचे लाल दिवे लागले ना! दिवे लागलेले आणि गाडी चाललेली! फेसात घुसली, धुणारी दोन माणसं पाइप टाकून पळाली, आणि समोर टायरांचा ढीग होता त्याला धप्पकन टेकून गाडी उभी राहिली.

दार उघडलं. अय्याज उतरला. टायला फेस, कानाला फेस, चेहरा चुन्यासारखा. हळूच म्हणाला, “मॅडम… कसम से… पाय तो बराबर था.”

शिला तिथल्या तिथं वळली हो. नुसती भीमराजकडं बघून राहिली. आणि भीमराज? तो टायर मोजल्यासारखं करून राहिला.

गाडी वर उचलली, चाक काढलं, आणि सापडलं. पुढच्या डाव्या चाकाजवळ एक सेन्सर असतो म्हणे, चाक फिरून राहिलं का थांबलं ते गाडीला सांगणारा. त्याची वायर बसवतानाच चुकीच्या क्लिपात अडकवलेली, ताणलेली. डावीकडं वजन बसलं की गाडी तिकडं जराशी दबायची, वायर सैल व्हायची, सगळं ठीक. सीट मोकळी असली की वायर ताणली जायची, सेन्सर खोटं बोलायचा, गाडीला वाटायचं चाक घसरून राहिलं, मग ती स्वतःच ब्रेक सोडून द्यायची. म्हणजे बाईनं दाबायचा आणि गाडीनं सोडायचा! अय्याजनं ती घासलेली वायर हातात घेऊन माफी मागितली, मनापासून. नवीन वायर, नवीन सेन्सर बसवला. मग परत एकटा फिरवून आणला, लई वेळ. थांबली. प्रत्येक वेळी थांबली.

शिलाला वाटलं, आता हा माणूस काहीतरी बोलेल. चुकलो म्हणेल. निदान खोकेल तरी! कळमनुरी आली, गेली. हिंगोलीची वेस आली तेव्हा म्हणाला, “म्हणजे शिले, इतके दिवस मी बसत होतो, म्हणून गाडी थांबत होती.”

घ्या! झाला ना हाच हिरो!

दुसऱ्या दिवशी सकाळी शिला लसीचा डबा घेऊन आनंदात बाहेर आली. किती दिवसांनी एकटी निघणार! बघते तर हा डावीकडच्या सीटवर. बेल्ट लावून. मांडीवर जेवणाचा डबा, पाण्याची बाटली, पाठीला उशी.

“अहो, आता वजन लागत न्हाई गाडीला!”

“कंपनीचा काय भरवसा?” म्हणतो. मग जरा खिडकीकडं बघून, हळूच, “आणि घरी बसून तरी मी काय करू?”

शिलानं रागानं लसीचा डबा मागं ठेवला, गाडी सुरू केली. तेव्हापासून रोज जातो. ही टोचत असते, हा गाडीत बसून असतो. सेनगावात कुणीतरी विचारलं, “भीमराजदादा, रिटायर झाले ना तुमी?” तर शिलाच म्हणाली, “झाले होते. आता माझ्या गाडीवर परत लागलेत.”

“ड्रायव्हर म्हणून?”

“न्हाई हो… तुरीच्या पोत्याच्या जागी!”