तकलीफ सांगायचा हुकूम

माझं माहेर वैजापूरकडचं, कोरडवाहू जमीन, कापूस आन बाजरी, चार बहिणींत मी तिसरी. पोरगा लष्करात हाय म्हणल्यावर आमच्या बापानं दुसरं काय विचारलंच नाय, सरकारी जावई भेटला म्हणून गावभर सांगत सुटला. मी बी खूश व्हते, खोटं कामून बोलू. पण अंगाची हळद उतरायच्या आत हे परत गेले, आन मग आमचा संसार म्हणजे सुट्टीतला संसार. पाव्हणा यावा तसे यायचे, पोरी वळखायला लागायच्या आन सुट्टी सरायची.

काय सांगू तुम्हाला, माणूस लई गुणाचा, पण तोंडानं सांगणार नाय. फौजेत तसंच शिकवतेत म्हणे, साहेबानं विचारलं कैसे हो, की ठीक हूँ साब म्हणायचं. ताप असला तरी ठीक, घरून वाईट सांगावा आला तरी ठीक. ते यांच्या हाडात भिनलं.

पहाडात ड्यूटी व्हती. बर्फात सामान चढवता चढवता पाय सटकला आन पेटीसकट खाली गेले, पाठीचा मणका गेला. मला फोनवर म्हणले थोडी मुरगळलीय. ऑपरेशन झालं ते मला त्यांच्या दोस्ताकडून कळलं. मग दवाखाना, मग हलकी ड्यूटी, आन शेवटी बोर्ड बसला. बोर्ड म्हणजे डॉक्टर साहेब लोक बसतेत, माणूस फौजेच्या कामाचा राहिला का नाय ते ठरवतेत आन तकलीफ किती ते टक्क्यात लिहितेत, त्याच्यावर पुढची अपंगत्वाची पेन्शन. आता अशा ठिकाणी माणसानं कसं जावं? आमचे हे केस कापून, बुटाला पालिश मारून, दुखायची गोळी खाऊन गेले. साहेबाफुडं वाकडं कसं उभं राहायचं, म्हणे. कैसे हो विचारलं, ठीक हूँ साब. चलने में तकलीफ, तर नहीं साब. त्यांनी बी तसंच लिहिलं. फौजेतून घरी पाठवलं, आन अपंगत्वाची पेन्शन नामंजूर.

पोरींच्या शाळेसाठी आम्ही शहराजवळ पडेगावला भाड्याची खोली केली. यांनी वॉचमनकी धरली, पण खुर्चीवर घडीभर बसवेना, सुटली. मी एका होस्टेलात पोळ्या लाटायला जाते, अजून जाते. यांच्या गावात लोक म्हणायचे, चांगला धडधाकट दिसतो, फौजेतून पळून आलाय. हे ऐकून घ्यायचे आन आणखी ताठ चालायचे. मला ते जास्त लागायचं, पैशाचं कसं बी भागतं, पण माणसानं पाठ मोडून घ्यायची आन वरून पळपुटा म्हणवून घ्यायचं, हे काय बरं हाय का? म्हणून मीच कागदांची पिशवी धरली. हा शिक्का आणा, ती झेरॉक्स आणा, साहेब आज नाय, सोमवारी या. चपला झिजल्या म्हणतेत ना, तसंच झालं. माजी सैनिकांच्या ऑफिसात एक म्हातारे सुभेदार बसायचे, त्यांनी सगळे कागद वाचले आन म्हणले, बाई, कागद बरोबर हायेत, पण तुमचा माणूसच तुमच्या विरुद्ध साक्ष देऊन आलाय. त्यांनीच अपील लिहून दिलं.

लई वाट बघितल्यावर दुसरा बोर्ड लागला. मी म्हणलं, आज गोळी खाऊ नका, चपला घाला. तर बूटच घातले. आधाराला म्हणून मला आत सोडलं. पांढऱ्या केसांचे डॉक्टर साहेब व्हते, त्यांनी विचारलं, कैसे हो जवान. आन हे म्हणले, ठीक हूँ साब.

मी म्हणलं, साहेब, हे असं विचारून नाय सांगायचे, यांना हुकूम द्या.

साहेबांनी माझ्याकडं बघितलं, पेन खाली ठेवला, आन आवाज बदलून यांच्या हुद्द्यानं हाक मारली, नायक, कहाँ कहाँ तकलीफ है, रिपोर्ट दो.

यांनी टाचा जुळवल्या, हात मांडीला चिकटवले, नजर भिंतीवर. साब, बायाँ पैर सुन्न है. साब, करवट नहीं बदली जाती. साब, पेशाब का पता नहीं चलता. साब, छोटी बेटी को कभी उठाया नहीं. शेवटचं तर कुणी विचारलं बी नव्हतं.

आन पेशाबाचं मला ठाऊकच नव्हतं हो. हे रोज पहाटे आपली चादर आपणच धुवायचे, मी समजायचे फौजेची सवय हाय. मीच पोरींना सांगायचे, बघा पप्पांकडून शिका. बायको म्हणून बाजूला झोपत व्हते मी, आन मला ते साहेबाच्या खोलीत कळलं. तिथंच पदर तोंडात धरला.

मंजुरी आली मग. गावात आता नीट बोलतेत. खुशी झाली का म्हणाल तर झाली, पण दमून गेल्यावर जेवण गोड लागत नाय तसं झालं बघा. त्या डॉक्टर साहेबांचं देव भलं करो, त्या सुभेदारांचं बी करो. आमचं हाय ते हाय, पाठ काय परत येत नाय.

आता चादर मी धुते. पहिल्या दिवशी हातातून ओढून घ्यावी लागली. मग यांनी वाकता येत नाय तरी वाकून मला नळ सोडून दिला.